विश्लेषण : एकाच जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या परीक्षा वेगवेगळ्या तारखांना का होतात?

यवतमाळचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेले आहे. महाविद्यालय स्वायत्त नसेल, तर सत्र परीक्षेच्या तारखा विद्यापीठच ठरवते. त्यामुळे एकाच जिल्ह्यात आठ सत्रांची तीच पदवी घेणाऱ्यांची वेळापत्रके जुळत नाहीत.

तारखा कशावर ठरतात?

एका सत्रात साधारण ९० दिवस अध्यापन अपेक्षित असते. पहिल्या वर्षाचे आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून होतात. फेऱ्या लांबल्या की वर्ग उशिरा सुरू होतात आणि हिवाळी परीक्षा पुढे सरकते. तिच्यामागून उन्हाळी परीक्षाही सरकते.

परीक्षा महिनाभर का चालते?

याचे मुख्य कारण बॅकलॉग. पाचव्या सत्रातील विद्यार्थ्याचा तिसऱ्या सत्रातील गणित राहिला असेल, तर दोन्ही पेपर एकाच वेळी ठेवता येत नाहीत. म्हणून सत्रांचे पेपर आलटून पालटून घ्यावे लागतात. वर्गखोल्या आणि पर्यवेक्षकही तेवढेच असतात.

उशिराचा फटका कोणाला?

सर्वाधिक फटका अंतिम वर्षाला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. अमरावती विद्यापीठाला हा कायदा लागू आहे. पण परीक्षाच १५ जूनला संपली, तर कायदा पाळूनही निकाल ३० जुलैपर्यंत जाऊ शकतो. तोवर एमटेक प्रवेश किंवा नोकरीसाठी गुणपत्रिका हातात नसते.

वणी किंवा उमरखेडहून येऊन खोली करून राहणाऱ्याला पेपर आठ दिवस पुढे गेला, तरी खोलीभाडे आणि मेसचा खर्च वाढतो. त्यातच उन्हाळी पेपर विदर्भाच्या कडक उन्हात येतात.

उपाय काय?

दोन विद्यापीठांच्या तारखा एकच असण्याची गरज नाही. अंतिम वर्षाचे पेपर आणि उत्तरपत्रिका तपासणी आधी उरकणे, उन्हाळ्यात सकाळचे सत्र ठेवणे आणि सत्र सुरू होतानाच तारखा जाहीर करून त्या पाळणे, एवढे झाले तरी विद्यार्थ्यांचा बराचसा ताण कमी होईल.