कवडशातील धूळ आणि मापावरील मुद्रा

बंगळूरमधील चिकपेट ही कापडाची आणि रेशमी वस्त्रांची जुनी बाजारपेठ. तेथे कापड मोजावयाच्या मीटरपट्टीवर शासकीय मुद्रा असावी लागते व तिची ठराविक काळाने पडताळणी करून घ्यावी लागते. पण त्याच अरुंद गल्ल्यांतून दिवसभर गाठोडी वाहणारा हमाल ज्या हवेत श्वास घेतो, ती हवा मोजणाऱ्या स्वस्त यंत्रावर अशी मुद्रा सहसा आढळत नाही. ही विसंगती आम्हांस उपेक्षणीय वाटत नाही.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. अंधाऱ्या खोलीत कौलांच्या फटीतून कवडसा उतरला की त्यात धूलिकण चमकू लागतात. कारण कण प्रकाश इतस्ततः विखुरतात. यासच प्रकीर्णन म्हणतात. (पुढे बंगळूरलाच स्थायिक झालेले सर चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली सागरप्रवासात समुद्राच्या निळाईचा विचार करू लागले, तोही प्रकीर्णनाचाच, मात्र तेथे प्रकाश विखुरतात ते पाण्याचे रेणू.) यंत्रात कवडशाच्या जागी लेसरचा झोत असतो आणि डोळ्याच्या जागी प्रकाशग्राही घटक.

परंतु हे यंत्र कणांचे वजन करीत नाही. ते त्यांची चमक पाहते आणि तीवरून वजनाचा तर्क करते. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, व पावसाळ्यात आकडा उगाच चढतो. उलट वाहनांच्या धुरातील काजळी प्रकाश गिळते, तिचे अतिसूक्ष्म कण तर यंत्राच्या दृष्टीतून निसटतातच. म्हणजे गल्लीत ज्याची खरी भीती, तेच कमी मोजले जाते! २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. ही मर्यादा वजनाची आहे, चमकेची नव्हे.

पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राची स्थिती बरी आहे. ते झोताशी काटकोनात विखुरलेला प्रकाश पाहते, आणि फॉर्माझिनचे प्रमाणित मिश्रण कुपीत घालून त्याचा आकडा ताडून पाहता येतो. चिकपेटच्या हवेची अशी कुपी कोठून आणणार?

म्हणून कोणी स्वस्त यंत्रे टाकाऊ ठरवितात. ते आम्हांस मान्य नाही. दूरच्या गच्चीवरील उत्तम यंत्रास या गल्लीतील धूर दिसत नाही. मात्र प्रत्येक यंत्र पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काही दिवस गाळणपत्राशेजारी ठेवावे, गाळणपत्रावर साचलेली धूळ तराजूत तोलावी, त्यावरून आकडा दुरुस्त करावा, आणि पडताळणीची तारीख यंत्रावरच ठळक लिहावी.