ब्रेकवरचा तिसरा पाय

आपल्याकडे माणूस फ्लॅट घेताना वीस ठिकाणी फिरतो. मोबाइल घेताना चार मित्रांचं डोकं खातो. अहो, साधी मिसळ खायची तरी ‘कुठली बरी?’ यावरून ऑफिसच्या ग्रुपवर अर्धा तास महायुद्ध होतं! पण ड्रायव्हिंग स्कूल? सोसायटीच्या गेटसमोर जी पाटी दिसते, ती. झालं सिलेक्शन! कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘घराजवळ आहे ना यार!’

आणि मंडळी, इथेच आपण जाम गंडतो. कारण ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे नुसता क्लास नाही. टेस्टच्या दिवशी तुमच्या बुडाखाली जी गाडी असणार, तीही बहुतेक वेळा त्यांचीच असते. ज्या प्रकारच्या वाहनाचं लायसन्स हवं, त्याच प्रकारच्या वाहनावर टेस्ट द्यायची, असं कायदा सांगतो. आणि आपली स्वतःची कार? ती तर अजून ईएमआय कॅल्क्युलेटरमध्येच उभी असते!

म्हणजे पर्याय तीन. एक, घरातली किंवा मित्राची गाडी. दोन, एकाच स्कूलमध्ये शिकायचं आणि टेस्टही त्यांच्याच गाडीवर द्यायची. तीन, शिकायचं कुठेही आणि टेस्टपुरती एखाद्या स्कूलची गाडी भाड्यानं घ्यायची. वरवर पाहता तिन्ही सारखेच वाटतात. पण तसं नाहीये.

मित्राची गाडी फुकटात पडते, हे खरं. पण आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं ताजं हवं. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. तोही वहीच्या कागदावर स्केचपेननं काढलेला नाही; पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच, असं नियमातच लिहिलंय. शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस हवा आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. साध्या गाडीत त्या बिचाऱ्याच्या हातात असतो फक्त हँडब्रेक... आणि तोंडात रामनाम!

टेस्टपुरती भाड्याची गाडी हा तिसरा पर्याय घाईतल्यांचा. शिकले एका हॅचबॅकवर, टेस्टला मिळाली दुसरीच. हिचा क्लच वर सुटतो, तिचा खाली. आधीच छातीत धडधड, त्यात अनोळखी क्लच. गाडी पहिल्याच मिनिटाला बंद पडली तर नवल ते काय! हाच पर्याय घ्यायचा असेल, तर टेस्टच्या आधी त्याच गाडीवर किमान दोन-तीन तास तरी काढा. नाहीतर नकोच.

राहिला दुसरा पर्याय, जो आपल्यापैकी बहुतेक जण घेतात. त्याच्याबद्दलच आज बोलायचंय. कारण त्यात एक गंमत दडलेली असते. गंमत कसली, गडबडच ती.

टेस्ट पास, गाडी नापास

आमच्या टीममध्ये एक मैत्रीण आहे. हुशार, धीट, क्लायंटला कॉलवर गप्प करणारी. तिनं २१ दिवसांचं पॅकेज घेतलं, पहिल्याच फटक्यात टेस्ट पास झाली, स्मार्ट कार्ड पाकिटात आलं. पार्टीही झाली. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बाबांची गाडी घेऊन निघाली आणि चांदणी चौकाच्या चढावर सिग्नलसारखं ट्रॅफिक अडकलं. ब्रेक सोडला, क्लच सोडला आणि गाडी निघाली... मागे! मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नचा आणि शब्दसंग्रहाचा पूर्ण वापर केला. धडक बसली नाही, एवढंच नशीब. पण त्या दिवसापासून बाईसाहेब आजतागायत कॅबनं येतात. दोन वर्षं झाली!

मला तिचं कोडं उलगडेना. पास झालेली मुलगी चढावर अडकली कशी? बोलता बोलता तिनंच सांगितलं, ‘अगं, क्लासमध्ये चढावर गाडी कधी मागे गेलीच नाही. सर असायचे ना!’

सर असायचे. हीच ती गोम.

ट्रेनिंगच्या गाडीला ड्युअल कंट्रोल असतं. म्हणजे शेजारच्या सीटच्या पायाशीही पेडल असतात. ही सोय स्कूलला नियमानं सक्तीची आहे आणि ती हवीच. पण त्यामुळे होतं काय, की गाडीच्या ब्रेकवर तुमच्या पायाखेरीज आणखी एक पाय असतो. तो तुम्हाला दिसत नाही. तुम्ही लेट ब्रेक मारला, त्यानं आधीच हलकेच दाबलेला असतो. तुम्ही क्लच भस्सकन सोडला, त्यानं सांभाळलेला असतो. तुम्हाला वाटतं, ‘वा, काय स्मूद चालवतोय आपण!’ आणि चालवत असतात सर.

टेस्टच्या वेळी आणि त्यानंतर आयुष्यभर तो पाय नसतो. म्हणूनच चांगल्या स्कूलची माझी व्याख्या एकदम सोपी आहे: जिथे तो तिसरा पाय दिवसागणिक मागे सरकतो, ती स्कूल चांगली.

गणित मांडा, मगच पैसे द्या

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका नव्या ट्रेनीला कार शिकायची होती. मैत्रिणीचा किस्सा ताजा होता, म्हणून मीही त्याच्याबरोबर चार स्कूल्स फिरले. एका ठिकाणी काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, ‘टेस्टला फक्त येऊन बसायचं. बाकी आमचं आम्ही बघतो.’ आम्ही उठलो ते थेट समोरच्या अमृततुल्यमध्ये. जिथे तुम्हाला शिकवण्यापेक्षा पास करून देण्याची गॅरंटी मोठ्या अक्षरात मिळते, तिथून चहा प्यायला निघावं हे उत्तम!

बाकीच्या तीन ठिकाणी आम्ही काय काय विचारलं, ते तुमच्यासाठी...

१. लायसन्स तुमचं दाखवा! आपल्याला लायसन्स मिळवून देणाऱ्या स्कूललाही लायसन्स लागतं. ते आरटीओ देतं, पाच वर्षांसाठी. आणि मूळ प्रत ऑफिसात ठळक जागी लावायची, शिकवणाऱ्यांची नावंही लावायची, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लिहिलंय. भिंतीवर फक्त देवाचा फोटो आणि कॅलेंडर असेल, तर विचारा. लाजू नका.

२. गाडीवर नाव आहे का? ट्रेनिंगच्या प्रत्येक गाडीवर स्कूलचं नाव आणि पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात हवा. तुम्हाला शिकवायला बिननावाची, कुणाच्या तरी भाच्याची गाडी येत असेल, तर टेस्टला कुठली येईल हे सांगता येत नाही. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीखही तिथेच बघून घ्या.

३. स्टिअरिंग नक्की किती वेळ हातात? हा सगळ्यात मोठा फंडा. खासगी कारसाठी नियम म्हणतो, ट्रेनिंग किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १० तास. आता कॅल्क्युलेटर काढा. रोज अर्धा तास गुणिले २१ म्हणजे साडेदहा तास. ओके. ‘१५ दिवसांचं स्पेशल पॅकेज’ म्हणजे साडेसात तास. आणि गाडीत तिघं जण बसवून तासभर फिरवलं, तर तुमच्या वाट्याला रोज २० मिनिटं, म्हणजे २१ दिवसांत अवघे सात तास. उरलेला वेळ तुम्ही मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका बघता. मनोरंजन चांगलं, पण हात काही बसत नाही.

तुलनेसाठी सांगते. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नवे नियम आले. तिथला कारचा कोर्स जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर. तो कोर्स आणि तिथली टेस्ट पास झालात, तर आरटीओच्या ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट मिळते. तुमच्या शहरात असं सेंटर असेल, तर आधी तिथली चौकशी करा. नसेल, तर निदान आकडे लक्षात ठेवा. सरकारला एका ठिकाणी २१ तास लागतील असं वाटतंय आणि आपण सात तासांत शूमाकर व्हायला निघालोय!

४. चढ, उतार आणि रिव्हर्स कधी? टेस्टमध्ये काय बघायचं, याची यादीही त्याच नियमांत आहे. निघण्याआधी आरसा नीट करणं. सगळे गिअर टाकत सरळ जाणं. उतारावर खालचा गिअर घेणं. चढावर थांबून, गाडी मागे न जाऊ देता, हँडब्रेकच्या मदतीनं पुन्हा निघणं. अरुंद जागेत रिव्हर्स घेणं. नवले पुलाचा उतार रोज बघणाऱ्या पुणेकराला यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण कितीतरी स्कूल्सचा रूट ठरलेला असतो. तीच चार सपाट वळणं, तोच रिकामा डीपी रोड. ‘चढावर कितव्या दिवशी नेणार?’ असं स्पष्ट विचारा. उत्तरात ‘बघू’ आलं, की समजायचं.

५. टेस्टच्या दिवशीचं काय? ज्या गाडीवर शिकलो तीच येणार का? त्या दिवशी तिच्यावर किती जण टेस्ट देणार? आधी एक राउंड मारायला मिळणार का? गाडी ऐनवेळी बंद पडली तर पुढच्या स्लॉटचं कोण बघणार? हे सगळं पावतीवर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. आपल्याला ऑफिसातून अर्धी रजा काढायची असते राव!

६. पैसे कशाचे? नियमातली टेस्टची फी ३०० रुपये आणि लायसन्सची २०० रुपये. त्यावर थोडाफार सर्व्हिस चार्ज येतो. कच्चं लायसन्स तर महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या मदतीनं घरबसल्या काढता येतं. तेव्हा पॅकेजमधला शिकवण्याचा आकडा, गाडीचा आकडा आणि सरकारी फी, तिन्ही वेगवेगळे मागा. ‘सगळं इन्क्लुडेड’ या शब्दात काय काय लपतं, हे आपण लग्नाच्या हॉलवाल्यांकडून शिकलोय ना!

झिरोचा दिवस

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही तुम्ही कुठल्याही स्कूलमध्ये, आजपासूनच करू शकता. रोज क्लास संपला, की उतरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘सर, आज तुम्ही किती वेळा पाय लावला?’

आमच्या ट्रेनीच्या सरांनी पहिल्यांदा चमकून बघितलं, म्हणे. मग हसले. ‘मोजले नाहीत, पण वीसेक वेळा तरी.’ दुसऱ्या दिवसापासून मात्र ते स्वतःच आकडा सांगायला लागले. १५, १२, पुन्हा १४ (त्या दिवशी बाजीराव रोड होता!), ९, ४... आपल्या पोरानं मोबाइलमध्ये चक्क एक्सेल शीट केलंय. आयटीवाला, दुसरं काय करणार! पण त्या शीटमुळे झालं काय, की टेस्टचा स्लॉट त्यानं पॅकेज संपलं म्हणून नाही, तर सलग तीन दिवस झिरो आला, त्यातला एक चढावरचा होता, म्हणून घेतला.

घाई करायचं तसं कारणही नाही. कच्चं लायसन्स हातात आल्यावर ३० दिवसांनी टेस्ट देता येते आणि ते चालतं सहा महिने. म्हणजे हात बसायला भरपूर वेळ आहे. उलट घाईनं गेलात आणि नापास झालात, तर पुन्हा यायला सात दिवस थांबा. तीनदा नापास झालात, तर ६० दिवस थांबा, वर पुन्हा ट्रेनिंग घ्या. शिवाय दर वेळी नवा स्लॉट, नवी रजा आणि बॉसचा तोच चेहरा.

आणि हल्ली ‘सर ओळखीचे आहेत’ हेही सगळीकडे चालत नाही. भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे तुमची गाडी बघतात. आठचा आकडा, रिव्हर्सचा एच, चढ... गाडी मागे सरकली की सरकली. सेन्सरला ना तुमचं पॅकेज माहीत, ना स्कूलचं नाव.

पण खरं सांगू? मला सेन्सरचीही तेवढी काळजी नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. त्या रस्त्यावर आपण उद्या एकटे उतरणार, शेजारी आई किंवा मित्र असणार, आणि त्यांच्या पायाशी पेडल नसणार. तेव्हा स्कूल निवडताना ‘घराजवळ’ आणि ‘स्वस्त’ हे दोन्ही बघा, जरूर बघा. पण त्याआधी हे बघा, की तिथले सर आपला पाय कधी काढणार ते!

आमची चांदणी चौकवाली मैत्रीण? परवा लंचला तिनं ते एक्सेल शीट मागून घेतलं. पाच दिवसांचा रिफ्रेशर लावलाय, फक्त चढ-उताराचा. काल आकडा सात होता म्हणे.

झिरो झाला, की पार्टी पुन्हा तिच्याकडेच! तोपर्यंत सीटबेल्ट लावा, आरसा बघा... आणि पुढच्या आठवड्यात भेटूच.