घरघर टायरची की बेअरिंगची?

‘जुनी गाडी घरघरली की चारही टायर बदला’ हा पत्रलेखकाचा सल्ला (वाचकांचा पत्रव्यवहार) खिशाला चाट लावणारा आहे. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे सोसलेल्या गाडीचे आधी बेअरिंग तपासावे. डांबरीवरून काँक्रीटवर जाताच आवाज पालटला, तर दोष टायरचा. वेगाबरोबर वाढला आणि डावीकडे वळताना चढला, तर बहुधा उजवे बेअरिंग. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. खात्रीसाठी गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावे. दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला की खरखर बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिले लागले, तर चालढकल नको. नवे बेअरिंग मात्र प्रेसवरच बसवून घ्यावे. हातोडीने ठोकलेले लवकरच पुन्हा घरघरते.

– एक वाचक, राहुरी (जि. अहिल्यानगर)