मनाचा हिशेब
मानसशास्त्राचा विद्यार्थी समोरच्याच्या मनातले ओळखतो, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. माझ्या पुतणीची बी. ए.ची वही पाहावी, तर निम्मी संख्याशास्त्राने भरलेली! त्यातले एबिंगहाउस मला फार आवडले. या जर्मन गृहस्थांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच घोकल्या, स्वतःच विसरले आणि त्या विसरण्याचा हिशेब १८८५ साली छापला. अर्थ असला की पाठांतर सोपे होते, म्हणून अर्थालाच रजा! आम्हा मराठीच्या मास्तरांचे पोट अर्थावरच चालते, पण असो.

मोठ्या बंधूंनी मात्र पदवी मिळताच लेकीच्या नावाची पाटी दारावर लावण्याचा बेत केला आहे. रुग्णांवर उपचार करायचे तर पुढे एम. ए., त्यावर प्रशिक्षण. बंधूंच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. त्यांना हे सांगण्याचे काम पुतणीने माझ्यावर सोपवले आहे.