लेहरा कोण धरतो?

गेल्या हिवाळ्यात अलीगंजमधल्या एका घरी आम्ही दहा-बारा जण एक अल्बम ऐकायला जमलो होतो. तल्विन सिंगचा ‘ओके’. अख्खा ऐकायचा, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग चहा, मग चर्चा, असं ठरलं होतं. पहिलाच तुकडा, ‘ट्रॅव्हलर’, अकरा मिनिटांचा आहे. पाचव्या मिनिटाला एका निवृत्त तबला-शिक्षकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ‘बस’ म्हणाले. अल्बम पुढे वाजत राहिला, पण ऐकत कुणीच नव्हतं.

मला बोलावलं होतं ते जाणकार म्हणून नव्हे. ‘ड्रम अँड बेस’ या संगीतावरचा एक इंग्रजी लेख मी मराठीत आणत होते आणि ‘लूप’ या एका शब्दाशी अडले होते. कुणी पर्याय सुचवेल या आशेने गेले. शब्द मिळाला, पण तो भांडणाच्या उलट्या बाजूने मिळाला. ते भांडण इतकं खोटं होतं, की त्याच्याविरुद्ध लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अल्बम १९९८ चा, म्हणजे पाव शतकाहून जुना. तल्विन सिंग लंडनमध्ये जन्मलेला, किशोरवयात पंजाबात येऊन पंडित लछमन सिंगांकडे तबला शिकलेला. १९९९ साली ‘ओके’ला ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. दोनच वर्षं आधी तेच पारितोषिक रोनी साइझच्या ‘न्यू फॉर्म्स’ला मिळालं होतं आणि लंडन-ब्रिस्टलच्या क्लबांतलं हे संगीत एकदम दिवाणखान्यात आलं होतं. तेव्हापासून ‘ओके’बद्दल जी मतं ऐकू येतात तीच अलीगंजमध्ये चहाबरोबर आली. एक पक्ष म्हणाला, ही तबल्याची विटंबना आहे. दुसरा म्हणाला, हीच तर खरी गंगा-जमनी परंपरा, संगीताला सीमा नसतात वगैरे. तिसरं मत यजमानांच्या मुलाचं. तो लॅपटॉपवर संगीत करतो. त्याच्या मते हे ड्रम अँड बेसच नव्हे, पंचतारांकित हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजवायची चीज आहे.

चौथं मत माझ्या मराठी ओळखीच्यांचं. ते त्या दिवशी तिथे नव्हते, पण फोनवर भेटलेच. त्यांना तल्विन सिंगशी देणंघेणं नाही. त्यांचा अभिमान कर्श काळेवर आहे, कारण आडनाव काळे. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा मुलगा तबला आणि ड्रम दोन्ही वाजवतो, २००१ साली त्याचा ‘रियलाइझ’ आला, हे सगळं खरं. २००० सालच्या ‘ताल मॅट्रिक्स’मध्ये झाकिर हुसेन आणि तल्विन सिंग यांच्याबरोबर तोही आहे आणि त्रिलोक गुर्टूही आहे. त्रिलोकच्या आई शोभा गुर्टू बेळगावच्या. पूरबची ठुमरी त्यांनी अशी गाईली की इथल्या लोकांनाही ती ऐकावी लागली. या वंशावळीचा मलाही आनंद होतो. पण ‘आपला माणूस’ म्हणून आवडलेलं संगीत हे ऐकलेलं संगीत नसतं, हे आपण मराठी माणसांनी कधीतरी कबूल करायला हवं.

गंमत अशी, की या चारही मतांना अल्बम ऐकण्याची गरजच पडत नाही. मुखपृष्ठ पाहून ती देता येतात. अनुवादक म्हणून हा प्रकार मला चांगलाच परिचयाचा आहे. आमच्या पुस्तकांबद्दलही लोक दोनच गोष्टी विचारतात: मूळाशी प्रामाणिक आहे का, आणि मराठीत ओघवतं वाटतं का. पान उघडून एक वाक्य तरी वाचलंत का, असं आपण विचारलं की माणसं दुखावतात.

म्हणून आधी काय वाजतंय ते पाहू. ड्रम अँड बेस म्हणजे मिनिटाला साधारण १६० ते १८० ठोक्यांची लय. वर ढोल-झांजांचे तुकडे धावत असतात आणि खाली बेस मात्र बहुतेक वेळा निम्म्या गतीने, जड पावलं टाकत चालतो. नाचणारा दोन्हींपैकी कुठल्याही लयीवर पाय टाकू शकतो. हे ज्याने तबला ऐकला आहे त्याला समजावून सांगावं लागू नये. चाटेवर चौगुन सुटलेली असते आणि डग्गा बरोबरीतच घुमत असतो, मनगट सरकवून मींड काढत असतो. आपला कान दोघांच्या मधल्या जागेत बसतो. ‘ओके’ जिथे चांगला आहे तिथे तल्विनने हीच जागा ओळखली आहे. यंत्राचा बेस डग्ग्यासारखा सरकतो आणि वरचा तबला त्याला जाब देतो. जिथे वाईट आहे (आणि अशा जागा पुष्कळ आहेत), तिथे तबला कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरलेला आहे. काढून टाकला तरी पदार्थात फरक पडणार नाही. लिफ्टवाल्या मुलाचं मत त्या जागांपुरतं मला मान्य आहे.

मी हे मत मांडलं तर शिक्षक म्हणाले, ‘बेटी, जाब कसला? मशीन तेच तेच वाजवतंय. आमच्याकडे आवर्तन असतं, यांच्याकडे लूप.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होते. आवर्तन आणि लूप असा भेद भाषांतराला फार सोयीचा होता. तेवढ्यात लक्षात आलं, की तबल्याचा एकलवादनाचा कार्यक्रम ज्याच्या आधारावर उभा राहतो ती गोष्ट म्हणजे लेहरा. त्याला इथे नगमा म्हणतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत बांधलेली एक सुरावट. सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला ती पहिल्या पेशकारापासून शेवटच्या चक्रदारापर्यंत तीच, तशीच, न बदलता वाजवत राहतो. तासभर. त्याने त्यात आपली करामत दाखवायची नाही, लय हलू द्यायची नाही. त्याने सम स्थिर धरली तरच तबलिया मोकळा सुटतो. याला लूप नाही तर काय म्हणायचं? आपल्या सर्वांत अभिमानाच्या, सर्वांत ‘शुद्ध’ मैफलीच्या पायाशी लूप आहे आणि त्याला आपण कधीही यांत्रिक म्हटलं नाही. माझा शब्द मला मिळाला. लूपला मी ‘लेहरा’ लिहिलं.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा शिक्षक म्हणाले, ‘वो आदमी बजाता है.’ माणूस वाजवतो. अगदी बरोबर. मग मी विचारलं की तुमच्या घरी शिकवणीला लेहरा कोण वाजवतं? उत्तर त्यांच्या शेजारीच टीपॉयवर पडलं होतं, त्यांच्या फोनमध्ये. आधी घराघरांत बंगळूरच्या रेडेलची ‘तालमाला’ आली, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आता ॲप आहे. लखनौतल्या कथ्थकच्या कितीतरी वर्गांत तत्कार याच आवाजावर चालतो. मी स्वतः त्याच पेटीवर माझ्या मुलीचा रियाज घेतला आहे, तेव्हा मला सोवळ्यात बसायचं नाही. पण यंत्र आपल्या तालात लंडनहून शिरलं, हा कांगावा आता पुरे. ते आपण दुकानातून विकत आणलं, कारण ते स्वस्त पडतं, वेळेवर येतं आणि चहा मागत नाही.

शुद्धतेचा हा कैवार किती दिवस टिकतो तेही या शहराला माहीत असायला हवं. ज्या हार्मोनियमवर आज लेहरा धरला जातो ती १९४० पासून आकाशवाणीवर बंद होती, ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं ती ‘परकी’, ‘श्रुती मारणारी’ पेटी होती. त्याच्याही आधी भातखंडे. मुंबईचा हा मराठी वकील घराण्यांच्या चिजा कागदावर उतरवत देशभर फिरला. त्यांनी इथल्या रसिकांच्या मदतीने १९२६ साली सुरू केलेलं मॅरिस कॉलेज आज कैसरबागेत त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. गाणं लिहिलं की मरतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. आज त्याच स्वरलिपीतून शिकलेली माणसं परंपरेची राखण करत बसली आहेत.

एवढं म्हटल्यावर गंगा-जमनीवाल्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूची. मुळीच नाही. उलट त्यांचा आळस मला जास्त टोचतो. ‘सगळं मिसळलेलंच असतं’ हे वाक्य लखनौत इतकं स्वस्त झालंय, की कबाबाच्या दुकानाच्या पाटीवरही चालेल. लखनौचा बाज मिसळून तयार झाला, हो. मोदू खाँ आणि बख्शू खाँ दिल्लीहून आले ते किनारीवर दोन बोटांनी वाजणारा, बंद, नेटका तबला घेऊन. इथे दरबारात कथ्थक होतं. घुंगरांच्या आवाजापुढे तो तबला पुरेना. मग पखावजाचा खुला बोल आला, पूर्ण पंजा आला, थाप आली, परन आणि तुकडे आले. म्हणजे मिसळणं ही वृत्ती नव्हती, गरज होती. समोर एक नाचणारा माणूस होता आणि त्याच्या पायाला उत्तर द्यायचं होतं. त्यासाठी हात बदलावा लागला, हाताची ठेवण बदलावी लागली, आणि हे काम एका संध्याकाळी झालेलं नाही, त्यात पिढ्या गेल्या. दोन गोष्टी एका टेबलावर ठेवल्या की संगम होतो, असं मानणाऱ्यांनी ‘ओके’ची जेवढी नासाडी केली तेवढी शुद्धतावाद्यांनी केली नाही. शुद्धतावादी निदान वाईट जागेवर दुखावतात. यांना चांगली जागा आणि वाईट जागा सारखीच गोड लागते.

म्हणून विचारायचं ते एवढंच: इथे कुणाचा हात बदलला का? ‘ओके’च्या काही जागांत बदललेला ऐकू येतो. तबलियाचा नाही, ढोलाचे तुकडे रचणाऱ्याचा. तो तिहाईसारखा विचार करायला लागतो, समेच्या अलीकडे एक श्वास सोडतो. क्लबात नाचणाऱ्या ज्या पोरांना तीनताल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्यांनाही तो सोडलेला श्वास पायात लागला असणार. मला यापेक्षा मोठा दावा करायचा नाही. अर्धा अल्बम मी पुन्हा ऐकणार नाही.

त्या खोलीत आणखी एक जण होते. सत्तरी ओलांडलेले सारंगिये, यजमानांचे जुने शेजारी. उमेदीची वर्षं त्यांनी कथ्थकच्या वर्गांत नगमा धरण्यात घालवली. एकल कार्यक्रम बहुधा एकही नाही. ॲप आल्यावर एकेक वर्ग सुटत गेला, त्याबद्दल कुणाशी भांडले नाहीत. ते अल्बमभर गप्प होते. चर्चेतही. फक्त त्यांनी ऐकलं, हे मला नंतर कळलं.

वाद थंडावल्यावर मुलाने आम्हाला हे सगळं मुळात कुठून निघतं ते दाखवावं म्हणून एक छोटा तुकडा ऐकवला. सहा-सात सेकंदांचा, निव्वळ ढोलाचा. ‘आमेन ब्रेक’. १९६९ सालच्या एका अमेरिकन गाण्यामधला, ‘द विन्स्टन्स’ नावाच्या बँडचा. ड्रम अँड बेसची अगणित गाणी या एवढ्याशा तुकड्यातून कापून, पळवून, उलटसुलट जोडून केलेली आहेत. मुलाने तो पुन्हा पुन्हा लावला. सारंगियांनी डोळे मिटून चार-पाच वेळा ऐकला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

‘ये बजा कौन रहा है?’

खोलीत कुणालाच नाव सांगता येईना. मुलालाही नाही, आणि तो हा तुकडा रोज वापरतो. मलाही नाही, आणि मी यावर लेख भाषांतरित करत होते.

मी घरी येऊन शोधलं. ग्रेगरी कोलमन. बँडचा ड्रमर. त्या तुकड्याचे त्याला कधी पैसे मिळाले नाहीत. २००६ साली अटलांटा शहरात तो वारला, तेव्हा त्याला घर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सारंगियांना फोन करून नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं, ‘कोलमन साहब’ असं. मग विचारलं, ‘और पैसे?’ तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत होता.

‘आपके मज़मून में नाम है उनका?’

मूळ इंग्रजी लेखात नव्हतं. मराठीत मी ते घातलं, लेखकाला न विचारता, लेहरा या शब्दाच्या पुढच्याच ओळीत.