कात्री नेमकी कशाला?



भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातून अभिजात यामिकी आणि उष्मागतिकी कमी करून ती जागा क्वांटम संगणनाला द्यावी, असे आपल्या वाचकाने गेल्या अंकात सुचवले आहे. हे पाया काढून माडी चढवणे झाले. श्रोडिंगरचे समीकरण मांडायचे तर आधी हॅमिल्टोनियन लागतो, आणि तो 1830च्या दशकातल्या अभिजात यामिकीतूनच आलेला आहे. प्लांकचा 1879चा प्रबंध उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमावर होता. 1900 साली तो क्वांटमपर्यंत पोहोचला तोही एन्ट्रॉपीचा हिशेब करत. बिट पुसताना किमान किती उष्णता बाहेर पडते, हे लँडावरने 1961मध्ये सांगितले, तेही याच नियमाच्या आधारे.

उष्मागतिकीला त्यांनी मारलेला ‘वाफेच्या इंजिनाचे शास्त्र’ हा टोमणा तर अगदीच फुकट गेला. वाफ 800 केल्विनला, थंड पाणी 300 केल्विनला, तर कार्नोच्या सूत्राने 62.5 टक्के कार्यक्षमतेपुढे कुणालाच जाता येत नाही; उष्णता कोळशाची असो की अणूची.

शिकवण्यातल्या घोकंपट्टीबद्दलची त्यांची तक्रार मात्र खरी आहे. दुहेरी लंबक न्यूटनच्या वाटेने सोडवताना दोन्ही दांड्यांतले ताण निस्तरत बसावे लागते. लाग्रांजच्या पद्धतीत दोन कोन घेतले की ताण समीकरणात फिरकतच नाहीत! ही गंमत फळ्यावर दाखवायची सोडून आपण मुलांकडून डालाम्बेरचे तत्त्व पाच गुणांसाठी घोकून घेतो. परीक्षेत कधीही न पाहिलेला एखादा लंबक द्यावा आणि पुस्तक खुशाल उघडे ठेवू द्यावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली