पन्नास रुपये कोणाचे हरवले?



मागच्या वर्षीची गोष्ट आहे. चौथीच्या वर्गात तक्ते करायचे होते. कार्डशीट कमी पडले म्हणून मी एका मुलाच्या हातात पन्नासची नोट दिली आणि शाळेसमोरच्या दुकानात पाठवलं. पाच मिनिटांनी तो रडत परत आला. नोट वाटेत कुठेतरी पडली होती. मी सगळ्या वर्गासमोर रागावले, "एवढंही सांभाळता येत नाही का?" दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने पन्नास रुपये पाठवले आणि मी ते घेतले. आज हे लिहिताना लाज वाटते.

पुढे धाकटी बहीण कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिचं पाठांतर घ्यायला मी पुस्तक हातात घेतलं. भारतीय करार कायदा, १८७२, प्रकरण दहावे : एजन्सी. एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा नाहीतर जमिनीचा एजंट आठवतो. पण कलम १८२ प्रमाणे, दुसऱ्यासाठी एखादं काम करायला किंवा दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करायला ठेवलेला माणूस म्हणजे एजंट. ज्याच्यासाठी तो काम करतो तो प्रिन्सिपल. (इथे प्रिन्सिपल म्हणजे आपले मुख्याध्यापक नव्हेत!) सोप्या भाषेत, एक पाठवणारा आणि एक पाठवलेला.

मग कलम १८४ आलं आणि मी थांबलेच. तिसऱ्याशी व्यवहार करण्यापुरता कोणीही एजंट होऊ शकतो, अगदी लहान मूलसुद्धा. म्हणजे मुलाने माझ्या नावावर उधार सामान आणलं, तर दुकानदाराचे पैसे मीच द्यायचे. पण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, एजंट आपल्या प्रिन्सिपलला जबाबदार नसतो. मुलाला पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, नुकसान झालं तर ते पाठवणाऱ्याचं. जे पन्नास रुपये हरवले ते माझे होते. ते मी त्या आईकडून घ्यायला नको होते.

माझं म्हणणं असं नाही की मुलांना कामं सांगू नयेत. दुकानात जाणं, हिशोब करणं, सुटे पैसे मोजून घेणं हे उत्तम शिक्षण आहे. पण शिकताना चूक होणारच, आणि त्या चुकीची किंमत मोठ्यांनी सोसायची असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला हे कळलं होतं, मला डीएड करूनही कळलं नव्हतं.

आता याची दुसरी बाजू. सहलीचे, गॅदरिंगचे पैसे आपण पालकांकडून गोळा करतो, तेव्हा पालक पाठवणारे आणि आपण पाठवलेले असतो. "आम्ही काय याचा पगार घेतो का?" असं आपण पटकन म्हणतो. पण कलम १८५ सांगतं की एजंट होण्यासाठी मोबदला लागत नाही. फुकट केलं तरी जबाबदारी येतेच. कलम २१३ प्रमाणे प्रिन्सिपलने मागितल्यावर एजंटने हिशोब द्यायचा. आणि कलम २१६ म्हणतं की प्रिन्सिपलला न कळवता एजंटने त्या व्यवहारात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातला फायदा प्रिन्सिपल मागू शकतो. आणि आपण तर अज्ञान नाही!

म्हणून या वर्षी मी दोन नियम केले आहेत. मुलाने वस्तू किंवा पैसे हरवले तर भरपाई मी करायची, आणि वर्गासमोर बोलायचं नाही. सहलीचा हिशोब कोणी मागण्याआधीच पावत्यांसकट फलकावर लावायचा, उरलेले पैसे परत करायचे.

त्या मुलाचे पन्नास रुपये मी त्याच्या आईला परत दिले. त्या म्हणाल्या, "मॅडम, राहू द्या की." मी राहू दिले नाहीत. मग त्याच मुलाला पुन्हा दुकानात पाठवलं. नोट घट्ट मुठीत धरून गेला, आणि उरलेले बारा रुपये दोनदा मोजून माझ्या हातात दिले.